खातूनचं पहिलं जेवण

बारा वर्षं मी पुण्यकर्मं केली ती दात-ओठ खाऊन. गल्लीतल्या बायका म्हणतात, अस्मर म्हणजे देवमाणूस. बाळंतिणीचं जेवण अस्मरकडून, आजाऱ्याच्या उशाशी अस्मर, गरिबाच्या मुलीच्या लग्नाच्या चादरी अस्मरने शिवलेल्या. कुणाचं माणूस गेलं की दफनभूमीवरून परतलेल्यांच्या हातात पहिला घास तो अस्मरचाच. मी मान खाली घालून ऐकून घेते. खरं सांगायचं तर यातलं काहीही मी देवासाठी केलेलं नाही. मी ते खातूनसाठी केलं.

आमच्यात सुतकातल्या माणसाने दफनाहून आल्यावरचं पहिलं जेवण स्वतःच्या घरचं जेवायचं नसतं. ते शेजाऱ्यांनी आणायचं. उकडलेली अंडी, शिजवलेले मसूर, गोल पाव. घरातली कोठी भरलेली असो, त्या दिवशी तिला हात लावायचा नाही. सूर्य बुडून आकाशात तीन तारे दिसले की मग मोकळीक. कुणी आणलंच नाही तर तोवर उपाशी बसायचं. पण असं होत नाही. जेरुसलेममधली आमची कुर्दी ज्यूंची गल्ली इतकी चिंचोळी आहे की एका घरात रडू फुटलं की समोरच्या घरात अंडी उकळायला पडतात.

माझ्या घरी मात्र झालं.

माझा नवरा सासोन बाजारात हमाली करायचा. जून महिन्यात एका सकाळी पाठीवर पोतं घेतलेलं असतानाच तो खाली बसला आणि उठलाच नाही. दुपारी त्याला टेकडीवर पुरून आम्ही परत आलो आणि जमिनीवर बसलो, मी आणि माझी सासू नाझे. तिचं वय ऐंशी, अंगात साखरेचं दुखणं. आयुष्यभर तिने या गल्लीतल्या घराघरांत अंडी नेली होती. ती मला म्हणत होती, "येतील गं सूनबाई, येतील. गर्दी असेल चुलीपाशी."

कुणी आलं नाही. जूनचा दिवस तो, सरता सरेना. चार वाजता नाझेआईचे ओठ पांढरे पडले. आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना विचारलं असतं तर ते ओरडलेच असते, म्हातारीला आधी खायला घाल म्हणून. पण विचारायला जायचं तर दाराबाहेर पडायचं, आणि सुतकातली बाई दाराबाहेर पडत नाही. मी म्हटलं, आई, पाव देते, देव बघून घेईल. तिने माझा हात झिडकारला. "माझ्या मुलाच्या दिवशी मी नियम मोडू?" सूर्य बुडायच्या आत ती जमिनीवर आडवी झाली. त्यातून ती नीट उठली नाहीच. तिचे दोन महिने खाटेवर गेले आणि मग ती सासोनच्या शेजारी गेली.

कुणी का आलं नाही, ते मला सबरियाकडून कळलं. सबरिया माझ्या भिंतीला भिंत लागून राहते, पोटात गोष्ट ठेवता न येणारी बाई. म्हणाली, "अगं, आम्ही सगळ्याच निघालो होतो. पण खातून म्हणाली, अस्मरकडचं मी बघते, तुम्ही कुणी हात लावू नका." त्या वेळी गल्लीचं दानधर्माचं स्वयंपाकघर खातूनच्या हातात होतं. ती म्हणाली की विषय संपला. नंतर विचारल्यावर तिने कपाळावर हात मारला. "अगबाई, मला वाटलं मोलकरणीच्या हाती गेलं!"

मोलकरणीच्या हाती नाही गेलं. सासोन जायच्या दोन महिने आधी, आमच्या वल्हांडणाच्या सणाला तिने गरीब घरांना तांदूळ वाटले होते. आमच्याकडे सणाचा तांदूळ दाणा-दाणा करून तीनदा निवडतात. माझ्या वाट्याच्या पिशवीत किडे वळवळत होते. मी ती पिशवी अंगणात सगळ्यांसमोर तिच्या पायाशी ओतली आणि म्हटलं, "खातूनबाई, तांदूळही किडलाय आणि पुण्यही." सगळं अंगण हसलं होतं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

तर मी ठरवलं. खातूनला एक दिवस भूक दाखवायची. तिने गल्लीतल्या बायकांसमोर माझ्याकडे घास मागायचा आणि नाझेआईला मुद्दाम उपाशी ठेवलं हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. त्यासाठी त्या स्वयंपाकघरात शिरायला हवं होतं. मी शिरले. आधी भांडी घासली, मग कांदे चिरले, मग मोठं पातेलं माझ्याकडे आलं. खातूनचे गुडघे गेले तशी किल्लीही माझ्याकडे आली. या बारा वर्षांत मी चाळीसएक घरी पहिलं जेवण नेलं असेल. प्रत्येक घरी अंडं सोलताना माझ्या मनात एकच दार असायचं.

रब्बी दर आठवड्याला बायकांना प्रवचन देतात. एकदा म्हणाले, "तू मला विळा दिला नाहीस म्हणून मी तुला कुऱ्हाड देत नाही, हा सूड. आणि घे कुऱ्हाड, मी तुझ्यासारखी नाही, असं म्हणणं हा आकस. दोन्हींची शास्त्रात मनाई आहे." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मनात म्हटलं, माझ्याकडे कुऱ्हाड नाही. अंड्यांबद्दल रब्बी काही बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात खातूनचा नवरा मुर्दुख गेला. एकुलता मुलगा कॅनडात, त्याला यायला तीन दिवस लागणार होते. घरात दुसरं कुणी नाही. बातमी आली तेव्हा मी पीठ मळत होते. हात धुतले आणि फोनवर बसले. सबरियाला म्हटलं, "खातूनकडचं मी बघते. तुम्ही कुणी हात लावू नका." मग दुसरीला, तिसरीला, आठव्या बाईपर्यंत तेच वाक्य. सबरिया तर गहिवरली. "तुझ्यावर एवढा अन्याय होऊन तू स्वतः नेणार? अस्मर, तुझ्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं."

अकरा वाजता दफन झालं. बाराला मी मोठी टोपली घेतली, वर पांढरा कपडा नीट खोचला आणि गल्लीतून निघाले. बायका खिडक्यांतून बघत होत्या, आशीर्वाद देत होत्या. टोपलीत काहीही नव्हतं. मी मुद्दाम जरा वाकून चालले, जड असल्यासारखी.

खातून जमिनीवर गादी टाकून बसली होती. सुतकाच्या रीतीप्रमाणे गळ्यापाशी झगा फाडलेला, आरसा कपड्याने झाकलेला, कोपऱ्यात दिवा. मी टोपली मध्ये ठेवली, कपडा बाजूला केला आणि तिच्यासमोर बसले. तिने टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे.

सुतकातल्या माणसाशी भेटायला आलेल्याने आधी बोलायचं नसतं. त्याने तोंड उघडेपर्यंत गप्प राहायचं. मला तेच हवं होतं. बोल म्हणावं आता, माग. मी तिचं तोंड बघत बसले. एक वाजला, दोन वाजले. तिच्या पोटात गुडगुडलेलं मला ऐकू आलं. इतकं गोड काही मी बारा वर्षांत ऐकलं नव्हतं. ती पाण्याचे घोट घेत होती. मध्येच मला नाझेआईचे पांढरे ओठ आठवले आणि मी आणखी ताठ बसले.

एकच गोष्ट खुपत होती. हिवाळ्याचा दिवस आखूड. माझा जूनचा दिवस आठ वाजेपर्यंत चालला होता, हिचा पाचच्या आत संपणार. देवाच्या घरीसुद्धा खातूनचा वशिला.

तीन वाजता सबरिया आणि आणखी पाच-सहा बायका आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. नियमाप्रमाणे सगळ्या गप्प. आता हिला मागावंच लागेल. सगळ्यांसमोर म्हणावं लागेल, मला अजून कुणी घास दिला नाही. मग मी उठून विचारणार होते, का दिला नसेल गं खातूनबाई, आठव बरं.

खातूनने घसा साफ केला. "अस्मरने जेवू घातलं," ती म्हणाली. "दोन अंडी, मसूर, पाव. मसूर तर लोण्यासारखे मऊ. मी एक कणही ठेवला नाही, टोपली बघा."

सबरियाने टोपली बघितली. "खरंच की गं! पार रिकामी केली! बरं झालं, शोक करायलाही पोटात काहीतरी लागतं." आणि ती माझा हात धरून रडायलाच लागली. काय सांगणार होते? मी आणलंच नाही म्हणून? खातून खाली बघून पेल्यातलं पाणी प्यायली.

साडेचारला बायका गेल्या. मी उठले नाही. खोलीत काळोख दाटत गेला, पण दिव्याशिवाय आम्ही काही लावलं नाही.

"बाहेर बघ जरा," खातून म्हणाली. "तारे दिसतात का? माझे डोळे अधू झालेत."

मी खिडकीतून पाहिलं. "तीन दिसतायत."

ती भिंतीला धरून उठली, डब्यातून स्वतःच्या घरचा कालचा पाव काढला, मीठ घेतलं आणि परत खाली येऊन बसली. "आता मला माझं चालतं," म्हणाली आणि खायला लागली. भुकेलेलं माणूस खातं तशी, बकाबका.

"खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"तू मला मागायला लावणार होतीस."

"हो. आणि कबूल करायला. सगळ्यांसमोर."

"काय कबूल करायला?"

"नाटकं नकोत, खातूनबाई."

तिने घास गिळला. "मुद्दामच केलं होतं. सगळ्यांना सांगितलं मी पाठवते, आणि घरी येऊन दार लावून पडले. तू त्या तांदळावरून चारचौघींत माझं नाक कापलं होतंस. मला तुला तडफडताना बघायचं होतं."

"आणि नाझेआई?"

तिने पावाचा तुकडा मिठात बुडवला. "ती माझ्या डोक्यातच नव्हती गं. माझ्या डोळ्यासमोर तूच होतीस."

"हे त्यांच्यासमोर सांग."

"नाही सांगणार. सांगायचं तर तू सांग. पण आधी तुझ्या टोपलीचं सांगावं लागेल तुला, आणि तिच्यावर तर मी पांघरूण घातलंय." तिने हातावरचे पावाचे कण झटकले. "जा घरी आता. दमली असशील, रिकामी टोपली एवढी वाकून आणलीस ती."

मी टोपली उचलून घरी आले. तिने मला भीक घातली होती. तीही शास्त्राप्रमाणे, कुणाला कळू न देता, घेणाऱ्याची अब्रू राखून. माझ्या चाळीस घरांतल्या एकाही घासाला ती सर नव्हती, कारण माझा प्रत्येक घास गल्लीने पाहिलेला होता. आणि माझ्या हातून निसटलं ते वेगळंच. नाझेआईसाठी मी कबुलीचं एक वाक्य आणणार होते, ते अजून खातूनच्याच घशात होतं.

चार दिवस मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. माझं कौतुक थांबेना. भाजीवालासुद्धा म्हणाला, "ऐकलं मी, वैरिणीला जेवू घातलंत म्हणे!" पाचव्या दिवशी मी ठरवलं, जाऊ दे माझी अब्रू. दोघींचंही उघडं करायचं. माझं नाक जाईल, पण तिचंही जाईल.

दुपारी खातूनकडे घर भरलं होतं. कॅनडाहून आलेला मुलगा पुरुषांबरोबर पुढच्या खोलीत होता, आत आम्ही बायका. मी मध्ये उभी राहिले.

"ऐका गं," मी म्हटलं. "त्या दिवशी माझ्या टोपलीत काही नव्हतं. मी हिला उपाशी बसवली, अंधार पडेपर्यंत. कारण सासोन गेला त्या दिवशी हिने मला आणि नाझेआईला मुद्दाम उपाशी ठेवलं होतं. हिलाच विचारा."

सगळ्या खातूनकडे वळल्या. तिचे डोळे भरून आले. ते खरे होते की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"खरं आहे," खातून म्हणाली. "त्या दिवशी मी विसरले. नाझेसारखी बाई माझ्या विसरण्यापायी उपाशी बसली. ते पाप माझं, देवापुढे आणि तुमच्यापुढे." तिने डोळे पुसले. "आणि या बाईचं मन बघा. स्वतःच्या हाताने मला घास भरवला आणि वर सगळ्यांपुढे म्हणते भरवला नाही. का, तर मला तिच्या उपकारांचं ओझं वाटू नये म्हणून."

"विसरली नव्हतीस!" मी ओरडले. "मुद्दाम केलंस तू! मला म्हणालीस!"

"बघा, अजून सासूसाठी कशी तुटते ती," सबरिया म्हणाली आणि तिने मला मिठीत घेतलं. दुसरी माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, तिसरी म्हणाली, अशी सून नशिबाने मिळते. मला रडू फुटलं. संतापाचं रडू होतं ते, पण त्याने त्या बायकांचेही डोळे ओले झाले. सबरियाच्या खांद्यावरून मला खातून दिसत होती. कुणीतरी तिच्या हातात चहा दिला होता, आणि ती त्यात साखर ढवळत होती.