उजवा कोपरा

शब्दकोशाच्या कचेरीत मला घेतलं ते अक्षर चांगलं म्हणून. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं तिथल्या चिठ्ठ्या उतरवता उतरवता झालं. चिठ्ठीवर शब्द, त्याचं मूळ, अर्थ आणि खाली उजव्या कोपऱ्यात आधार, म्हणजे तो ज्या छापील लेखनात सापडला त्याचं नाव. कोपरा कोरा, की चिठ्ठी केरात.

कोशातली 'खांब' शब्दाची पानं उतरवायला निघाली तेव्हा कळलं, खांब 'स्कंभ'वरून आला, 'स्तंभ'वरून नाही. स्तंभाच्या वाट्याला आपलं थांबणं आलं. दिव्याच्या खांबाशी बसची वाट बघताना मला याचं फार कौतुक वाटे.

घरी बाबांना सांगितलं. बाबा सुतार, जन्म खांब उभे करण्यात गेला, आता डोळे गेलेत.

"आणि धिरा?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात टेकू म्हणूनच दिलाय."

"लिहिणाऱ्यानं घर बांधलं नसणार. टेकू कुणीही लावतं, हाताला येईल तो वासा. धिरा मापून कापायचा, आणि काढायचा कधी ते लावतानाच ठरवायचं."

असे चाळीस फरक त्यांनी सांगितले, मी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. कोपऱ्यात त्यांचं नाव घातलं. "घरांवर मालकांच्या पाट्या लागल्या," ते म्हणाले. "इथं तरी लागू दे."

संपादकसरांनी चिठ्ठ्या चाळल्या. "बाई, वडील म्हणजे काही छापील आधार नव्हे." मग गठ्ठा खणात टाकला. "राहू द्या, बघतो."

बघितलंच त्यांनी. सहा महिन्यांनी एका मासिकात त्यांचा लेख आला, खांबांच्या शब्दांवर. चाळीसच्या चाळीस फरक, बाबांच्याच वाक्यांत. पुढच्या आठवड्यात त्या चिठ्ठ्या माझ्याच टेबलावर आल्या, नव्यानं उतरवायला. आधार : सरांचा लेख.

"सर, हे बाबांचं आहे."

"शब्द कुणाच्या बापाचे नसतात, बाई," सर चष्मा पुसत म्हणाले. "कोशात आले, यात आनंद माना."

नोकरी सोडली तर बाबांची औषधं कोण आणणार? मी चाळीस चिठ्ठ्या उतरवल्या. अक्षर कुठेही हललं नाही, याचाच राग जास्त आला.

कोशाचं ते पान छापून आलं, तेव्हा घरी नेलं. बाबांनी हात धुऊन पुसले आणि पुढे केले. मी धिऱ्याचा अर्थ वाचून दाखवला. ते मान डोलवत होते.

"नाव कुठंय?"

त्यांचं बोट धरून मी सरांच्या नावावर ठेवलं आणि सावकाश शेवटापर्यंत सरकवलं.

"एवढं लांब?"

"पदवी लावलीय पुढं."

"मला कसली पदवी?" ते हसले. "सुतार लिहिलंय ना?"

"लिहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी बोट तिथून उचललं नाही.