पारोशी झडप

चेसिस, पुढची डावी बाजू: चांगली. पुढची उजवी: चांगली. मागच्या दोन्ही: चांगल्या. इंजिन: ८८ टक्के.

हा कागद माझ्याच हातचा, आठ महिन्यांपूर्वीचा. अम्मानचा माणूस एकवेळ बायको न बघता आणेल, पण आमच्या बयादरच्या गॅरेजांतल्या तपासणीशिवाय जुनी गाडी घेणार नाही.

नवाफ, माझ्या धाकट्या बहिणीचा, रुबाचा नवरा, तो टेबलावर आपटतो.

"अठ्ठ्याऐंशी टक्के ना, अबू कुतैबा? सकाळी सुरू केली की हिवताप भरल्यासारखी हुडहुडते. टॅक्सीत मागे बसलेलं गिऱ्हाईक कलमा म्हणायला लागतं."

मी इंजिनवरची हवेची नळी काढतो, खणातला कॅमेरा आत सोडतो. पडद्यावर झडपा. इतक्या काळ्या, की चुलीवरच्या पातेल्यांची बुडं बरी.

"माझ्या जुन्या गाडीला चार लाख किलोमीटरात हे झालं नाही."

"तिच्यात पेट्रोल झडपेच्या पाठीवर फवारलं जायचं. आपोआप धुतली जायची. हिच्यात थेट सिलिंडरमध्ये. ताकद जास्त, पेट्रोल कमी, म्हणून तर घेतलीस. पण झडपेला आंघोळ नाही. तेलाची वाफ बसते, करपते. कायमची पारोशी."

"मी दर महिन्याला टाकीत औषधाची बाटली ओततो!"

"ते पेट्रोलबरोबर जातं. झडपेला शिवतसुद्धा नाही."

"आणि तुझं यंत्र?"

"ते दाब मोजतं. दाब चांगला आहे."

"हा कॅमेरा तेव्हा नव्हता?"

होता.

खणात होता. कागदावर झडपांचा रकाना नाही. कॅमेरा काढला की दलाल पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जातात, आणि त्या दिवशी दलाल समोर उभा होता. बहिणीचं घर या गाडीवर चालणार, हे मला माहीत होतं. खण उघडला नाही.

"अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारून साफ करून देतो," मी म्हणतो.

"पुन्हा साठेल?"

"वर्ष-दीड वर्षात."

"मग राहू दे. विकतो. मला कागद दे. अगदी तसाच."

गुरुवार. गिऱ्हाईक इर्बिदचा शाळामास्तर, इस्त्रीचा सदरा, हातात घरच्या ऑलिव्हचा डबा, माझ्यासाठी. नवाफने गाडी तासभर फिरवून, गरम करून आणली आहे. गरम इंजिन हुडहुडत नाही.

पुढची डावी: चांगली. पुढची उजवी: चांगली.

"मला यातलं काही कळत नाही, भाऊ," मास्तर म्हणतो. "तुम्ही म्हणाल ते. इंजिन कसं आहे?"

नवाफ माझ्याकडे बघत नाही. खणाकडे बघतो.

"शहाऐंशी टक्के," मी म्हणतो.

यंत्रावर तेवढेच आहेत. यात खोटं काही नाही.

मास्तर कागदाची जपून घडी घालतो. "अल्ला तुमचे हात सलामत ठेवो."

तो गेल्यावर मी नवाफपुढे चहा ठेवतो. तो कपाला हात लावत नाही. दारात थांबतो.

"बरं झालं," म्हणतो. "रुबाला सांगतो. तिला वाटत होतं, तिच्या भावाने फक्त आपल्यालाच फसवलं."