एकाच पोरीचे दोन वाळे

"काळं! काळं निघालं!"

ओढ्याच्या काठावर जमलेल्या दीडदोनशे माणसांत हा शब्द मागपर्यंत पोचला आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. मच्छिंद्रमहाराजांनी चिमटीत धरलेलं जोडवं उंच केलं. आजारी पोराला कुणाचं पाप भोवतंय ते बघायला काल संध्याकाळी त्यांनीच ते सगळ्यांदेखत वाळूत पुरलं, तेव्हा ते पांढरंशुभ्र होतं. आता ते तव्याच्या बुडासारखं दिसत होतं. गल्लीतल्या बाकीच्या सहा जणींची जोडवी मात्र जशीच्या तशी चमकत होती.

"सोनं लबाड असतंय, बायांनो," महाराज गरजले. "ज्याचं खातं त्याच्या बाजूनं बोलतं. तांबं भित्रं. लोखंडाला अक्कल न्हाई. पन् चांदी! चांदी म्हंजी चंद्राची लेक! रातभर ओढामाईच्या कुशीत निजली आन् सकाळी पाप घिऊन उठली. कुनाचं जोडवं हाय हे?"

चांदी चंद्राची लेक कधीपासून झाली, हे कुणी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी हाच मच्छिंद्र याच ओढ्यातली वाळू ट्रॅक्टर भरभरून नेत होता, तेही कुणाला आठवलं नाही. चिंचओढा हे शिरूर तालुक्यातलं गाव तसं शहाणंसुरतं. घरटी एक माणूस तरी कंपनीत कामाला. पण पोर आजारी पडलं की शहाणपणाला पाय फुटतात.

"माझं," मोनाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

सवाष्ण बाई पायातलं जोडवं सहसा उतरवत नाही. महाराजांनी तिला ते उतरवायला लावलं होतं. तिच्या नीलमला, दोन वर्षांच्या लेकीला, तीन दिवस जुलाब लागले होते. पहिल्याच दिवशी मोनाली सगळ्यांसमोर म्हणाली होती, "शिरूरला दवाखान्यात नेऊ." महाराजांनी तेव्हा तिच्याकडे नुसतं बघितलं होतं. त्या बघण्याचा अर्थ आज कळला.

"आईच पोराला खातीय," महाराजांनी निकाल दिला. "हिचा हात पोराला लागता कामा नये. तीर्थ सोडून पोटात काही घालू नका. आन् पोर शिवंबाहेर नेलं, तर मेलं म्हणून समजा."

मोनाली घराच्या पायरीवर बसली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. आत नीलम "आई, आई" करत होती. सकाळी मोठ्यानं करत होती, आता हळू. तिनं काय केलं असेल लेकीला? झोपेत काही बोलली असेल का? कधी रागानं चापट मारली होती, ती लागली असेल का? ती आठवत बसली आणि आठवेल ते सगळं तिला खरं वाटू लागलं. आपण मेलो तर पोर वाचेल, इथपर्यंत तिचं मन गेलं. विहीर लांब नव्हती.

तिचा नवरा महेंद्र आईपुढे तोंड उघडत नसे. पण त्यानं एक काम केलं होतं. गोठ्यामागं जाऊन मेव्हणीला फोन लावला होता.

सुरेखा, मोनालीची थोरली बहीण, नऊच्या सुमाराला स्कूटीवरून आली. ती कारेगावला खोली घेऊन राहायची आणि एका कंपनीचं सांडपाणी साफ करायच्या टाक्यांवर काम करायची. तिनं आत जाऊन नीलमच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी वर तशीच राहिली. ती पायरीवर आली.

"मोने, ऊठ. महेंद्रला गाडी काढायला सांग. पोरीच्या अंगात पानी राह्यलं न्हाई."

"ताई, मला हात लावू नको," मोनाली मागं सरकली. "माझ्यामुळंच झालंय सगळं. चांदीनं सांगितलं. शिवंबाहेर नेलं तर जाईल ती."

"भिंतीवर फोटो कुनाचाय गं?" सुरेखा भडकली. "बाबासाहेबांचा ना? त्यांच्याखाली बसून चांदीचं ऐकता?"

"फोटो हाय जागेवर," सासू भागुबाई दारात आडवी उभी राहिली. "पन् नात माझी हाय. जोडवं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पांढरं गेलं, काळं आलं. त्याचं काय सांगतीस?"

सुरेखानं दारातली बाई बघितली आणि पायरीवरची बहीण बघितली. ओढून न्यायला गेलं तर गाव आडवं येणार, आणि तोवर पोरगी हातची जाणार. तिनं चुलीवर पाणी उकळायला ठेवलं, त्यात साखर-मीठ घातलं आणि निवल्यावर वाटी महेंद्रच्या हातात दिली. "चमच्या-चमच्यानं पाजत राहा. थांबायचं न्हाई. अर्धा तास द्या मला, आत्या. मी खोटी ठरले तर माझ्या पावलानं परत जाईन."

मग तिनं काळं जोडवं मागून घेतलं, नाकाशी नेलं आणि एकदम थबकली. तो वास तिला रोजचा होता.

"मोने, हे कुठं पुरलं व्हतं?"

"डोहात. बंधाऱ्याच्या वर."

"आन् बाकीच्यांची?"

"वर खडकापाशी, जिथं पानी पळतं." मोनालीनं पहिल्यांदाच मान वर केली. "जागा महाराजांनीच वाटल्या."

सुरेखानं नीलमच्या पायातले चांदीचे दोन्ही वाळे काढले आणि मोनालीला घेऊन ती ओढ्यावर गेली. तिथं गर्दी होतीच. कुणीतरी डोहात दुधाची घागर ओतत होतं, कुणी गूळ सोडत होतं. महाराजांच्या सांगण्यावरून सव्वा महिना रोज हेच चाललं होतं. सुरेखानं एक वाळा वर खडकाजवळ वाहत्या पाण्यातल्या वाळूत पुरला. दुसरा घेऊन ती डोहात उतरली. वाळूचा वरचा पातळ थर हातानं सरकवला तर खाली काळाकुट्ट गाळ, आणि त्यातून बुडबुडे उठले. सडक्या अंड्याचा भपका आला तशी पुढची माणसं मागं हटली.

"बाटवला ओढा!" महाराज ओरडले.

"ओढामाईला अर्धा तास बघू द्या की, महाराज. भ्या कशाचं?" काठावरचे बाळासो मास्तर म्हणाले, तसे लोक थांबले. तमाशा सगळ्यांनाच बघायचा होता.

मोनाली काठावर बसून राहिली. तो अर्धा तास तिला जन्माएवढा वाटला. डोहातला वाळा पांढरा निघाला तर आपण पापी. काळा निघाला तर काय, हे तिला अजून सुचत नव्हतं.

सुरेखानं डोहातला वाळा काढला. तो काळपट पडला होता, कडेला तर कोळशासारखा.

"बघा!" महाराज हसले. "आईचं पाप लेकीच्या अंगात उतरलं!"

सुरेखा वर गेली, खडकाजवळचा वाळा काढला आणि दोन्ही तळहातावर धरून मोनालीपुढे आली. एक काळा, एक पांढरा.

मोनाली बघत राहिली. मग तिच्या तोंडून आपोआप निघालं, "दोन्ही नीलमचेच हायेत."

"व्हय."

"डाव्या पायानं पाप केलं आन् उजव्यानं न्हाई?" ती उठून उभी राहिली. तिचा आवाज आता काठावरच्या प्रत्येकाला ऐकू गेला. "दोन वर्सांची पोर ती, महाराज! तिनं कुनावर करनी केली, सांगा की!"

महाराजांनी चंद्राच्या लेकीचा आणखी एक दाखला द्यायला तोंड उघडलं.

"चांदी काय बोलत न्हाई," सुरेखा लोकांकडे वळली. "ओढ्याच्या वाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव राहत्यात, कोट्यानं. वाहत्या पाण्यात हवा असती, तिथं हवेवर जगणारे असत्यात. ते घाण खाऊन पानी निवळ ठेवत्यात. वाळू उपसून इथं खड्डा केला तवा त्यांचा थरच ट्रॅक्टरमधनं गेला, आन् पानी थांबलं. वरून तुम्ही दूध-गूळ ओतला. ते कुजताना पाण्यातली हवा संपली. मग बिनहवेचे जीव माजले. ते ही घाण वासाची हवा सोडत्यात. ती चांदीला लागली की चांदी काळी. आमच्या टाकीत एकदा घाण जास्ती पडली, तवा माझी पैंजणं काळी पडली व्हती. मी कुनाचं पोर खाल्लं? पानी कुठं पळतं आन् वाळू कुठं काळी हाय, हे वाळूच्या ट्रॅक्टरवाल्याइतकं कुनाला ठावं असतंय?"

लोकांच्या माना महाराजांकडे वळल्या. महाराज चपला शोधत होते.

मोनालीनं ते बघितलं नाही. ती घराकडे धावत सुटली होती. भागुबाई अजून दारात होती. मोनाली तिच्या बगलेतून आत शिरली आणि नीलमला उचलून छातीशी घट्ट धरलं. पोर पिसासारखं हलकं लागलं. तेव्हा तिला पहिल्यांदा रडू फुटलं, आणि महाराजांपेक्षा स्वतःचा राग जास्त आला.

शिरूरच्या दवाखान्यात नर्सला शीर सापडेना. तिसऱ्या वेळी सापडली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तीन दिवस काय करत होतात?"

मोनाली म्हणाली, "ओढ्यातल्या डोहाचं पानी तीर्थ म्हणून पाजत व्हतो. म्हशी बसत्यात तिथं."

डॉक्टरीणबाईंनी सलाईन जोरात सोडलं. "लघवी झाली की लगेच सांगा. तोवर मी काही शब्द देत नाही."

दुपार गेली. दुसरी बाटली लावली. नीलम हाक मारली तरी डोळे उघडेना. मोनाली तिला मांडीवर घेऊन बसून होती, हलली नाही, पाण्याला उठली नाही. पाचच्या सुमाराला तिची मांडी ओली झाली. तिनं हात लावून बघितलं आणि वॉर्डभर ओरडली, "मुतली! ताई, मुतली माझी पोर!" शेजारच्या खाटेवरची आजीबाई हसली आणि डोळे पुसू लागली.

भागुबाई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "नीलमच्या बरोबरीची रंगुबाईची नातबी कालपास्नं जुलाबानं पडलीय. ती म्हनती, दुसरा महाराज बघू. काय सांगू तिला?"

मोनालीनं डबा खाली ठेवला.

"कुनालाच बघू नका म्हनावं. कोन काय दाखवतं त्याला आधी इचारा, ह्ये असं का झालं? दुसऱ्या जागी बी असंच व्हतं का? न्हाई पटलं तर मानू नका, मग तो केवढा का महाराज असंना. आन् ह्ये इचारनं बी मागनं करा. पोर आधी गाडीत घाला. उठा आत्या, फोन लावा तिला. आत्ता लावा."