लाल फुल्या

"जुने कागद? ते कशाला हवेत?" ऑपरेटरनं कपाटाची किल्ली मुठीत घट्ट धरली. आठवड्यापूर्वीच वेधशाळेत आलेल्या संशोधक बाईंनी अकरा वर्षांच्या नोंदी मागितल्या, तशी त्याच्या मनात पाल चुकचुकली. निवृत्तीला महिना उरला असताना चुका काढायला पाठवलं असणार हिला! पण वरून लेखी हुकूम आला, आणि त्यानं कुरकुरत कपाट उघडलं.

माणूस मुळातच संशयी. चहाचा कप कुणी वीतभर सरकवला तरी याच्या कपाळाला आठ्या. काम काय, तर गुरू ग्रहावरून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकायच्या, सुईनं कागदावर काढलेली रेघ तपासायची आणि आसपासच्या यंत्रांची खरखर दिसली की तिच्यावर लाल फुली मारायची. लाल फुली म्हणजे कचरा.

हा कचरा कुठून येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भिंतीपलीकडे धाकट्या भावाचं वेल्डिंगचं दुकान होतं. स्पीकरमधून चरचर आली की हा दातओठ खायचा. शेवटी एकदा त्यानं भावाला रस्त्यातच गाठलं.

"मुद्दाम करतोस तू. माझी नोकरी खुपते तुझ्या डोळ्यांत."

"दादा, आईशप्पथ, मशीन बंद होतं रे."

"मला शेंड्या लावू नकोस!"

त्या दिवसापासून बोलणं बंद. गेल्या वर्षी भाऊ गेला, तेव्हाही हा गर्दीत मागे उभा राहिला आणि परत आला. चरचर मात्र थांबली नाही. भावजय दुकान चोरून चालवते, असं ठरवून हा फुल्या मारत राहिला.

चार दिवसांनी बाईंनी सगळे कागद टेबलावर पसरले.

"काका, या फुल्या कशाच्या?"

"वेल्डिंगच्या. शेजारी दुकान आहे."

"अहो, हा गुरूच आहे! त्याचा आयो नावाचा चंद्र त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून फिरतो ना, त्यानं गुरूच्या ध्रुवांकडे प्रकाश पेटतो आणि रेडिओलहरीही उठतात. हा आवाज तिथलाच. तुमची जवळजवळ प्रत्येक फुली आयो ठरावीक जागी असतानाच पडलीय. आता तो वेल्डर काय आयो बघून मशीन लावायचा?"

बाई हसल्या. याला हसू आलं नाही. हिलाही भावजयीनं फितवलं की काय, असंच आधी मनात आलं. खात्री करायला तो दुपारी दुकानाकडे गेला.

भावजयीनं काही न विचारता गंजलेलं शटर वर केलं. मशीनवर बोटभर धूळ होती. समोरच्या भिंतीवर कागदच कागद चिकटवलेले. वेधशाळेच्या फाटकावर दर महिन्याला लागणारं वेळापत्रक भावानं आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात उतरवून घेतलं होतं.

"हे कशाला?"

"तुमच्या ऐकायच्या वेळा आहेत, दादा. तेवढा वेळ मशीनचा खटका बंद. गिऱ्हाईक ओरडून निघून जायचं, तरी नाही. म्हणायचे, कळेल दादाला एक दिवस."

शरमेनं त्याला मान वर करवेना. ज्याच्यावर डूख धरला, तो इतकी वर्षं आपल्यासाठी हात बांधून बसला होता. आता माफी मागायची तर कुणाची?

दुसऱ्या दिवशी त्यानं कपाटाची किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि पहिल्या वर्षाची गुंडाळी उलगडली. लाल पेन्सिल खोडून निघेना. मग त्यानं पहिल्या फुलीशेजारी निळ्या पेननं लिहिलं, 'मशीन बंद होतं.' खाली सही केली आणि पुढची फुली शोधू लागला.