चार बोटे उघडी खिडकी

मी एक जुनी गाडी आहे आणि गंजलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मित्रांनो, पुढे कधी माझ्या दारांचा पत्रा दिसला, तर तोंड वाकडे करू नका.

कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ जणी एका रांगेत तयार झाल्या. कोणी भाजीसाठी गेली, कोणी शाळेची मुले ने-आण करायला. मला एका काचवाल्याने घेतले. त्याने सुताराकडून माझ्या पोटात लाकडी चौकट बसवून घेतली आणि तिला आतून गोणपाट ठोकले. त्या चौकटीत काचा आणि आरसे उभे राहत. काच आडवी ठेवली की तडकते, उभी ठेवली की टिकते, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

काचवाल्याची बायको त्याच्या शेजारी बसे. काच घासायच्या चाकापाशी वर्षानुवर्षे उभे राहून त्याचे कान मंदावले होते आणि चौकटीमुळे मागचे नीट दिसत नसे. म्हणून ती आपल्या बाजूची खिडकी चार बोटे उघडी ठेवी आणि मागचे हॉर्न ऐके. कोणी जवळ आले की त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारी, आणि तो मला बाजूला घेई.

थंडीत तो कुरकुरायचा, "बंद कर की. गारठलो मी."

"गारठ. मला ऐकू यायला हवं."

तिला माझेही आवाज कळत. आज हिचा पट्टा चिरकतोय, आज चाकात खडा अडकलाय, असे ती बसल्याबसल्या सांगे.

"माझं घोरणं तुला ऐकू येत नाही, आणि हिच्या चाकातला खडा बरा ऐकू येतो?" तो म्हणे.

"घोरण्याची सवय झालीय. खड्याची व्हायचीय अजून."

ती वर्षे माझी चांगली गेली. माझ्या चौकटीत एकही आरसा फुटला नाही, असे काचवाला गिऱ्हाईकांना अभिमानाने सांगे, आणि त्या दिवशी माझे इंजिन जरा जास्तच गुळगुळीत चाले.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात तिला मीच नेत असे. तो खड्ड्यांतून मला इतके हळू चालवी, की जणू मागे नव्हे, शेजारच्या सीटवर आरसा ठेवलाय. एकदा परत येताना ती सीट रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी काचवाल्याने तिची खिडकी पूर्ण वर केली. सीटच्या उशीला तिच्या केसांच्या तेलाचा वास होता, तो त्याला बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. रोज सकाळी तो ती सीट फडक्याने पुसे, आणि मगच मला चालू करी.

मित्रांनो, त्याच सुमाराला माझ्या पोटाखाली गंजाने आपले काम उरकले. इंजिनातला धूर मागे नेणारा एक लांब पाइप असतो. त्याच्या शेवटी सायलेन्सर असतो. त्या सायलेन्सरच्या अलीकडे, बरोबर तिच्या सीटखाली, माझा पाइप फुटला. ती असती तर त्याच दिवशी म्हणाली असती, हा नवा आवाज कुठला? काचवाल्याला काहीच ऐकू आले नाही. शेजारच्या कुलूपवाल्याने शेवटी दुकानातून ओरडून सांगितले, "अहो, तुमची गाडी ट्रॅक्टरसारखी बोंबलतेय!"

काचवाला गोणपाट अंथरून माझ्याखाली शिरला. आता काचवाल्याला जगात कुठेही भोक दिसले, की त्याचा हात लांबीकडे जातो. खिडकीची काच बसवायची ती मऊ लांबी त्याने बोटाने माझ्या पाइपात दाबून भरली, वरून छान गुळगुळीत केली आणि हात पुसत म्हणाला, "झाली गप्प." तापलेल्या पाइपावर ती संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. पापड्या होऊन गळून पडली. पण त्याच्या कानांना मी तशीही गप्पच होते.

तिच्या सीटखालचा पत्राही गंजाने खाल्ला होता. वरच्या चटईमुळे ते दिसत नव्हते. तिथून धूर आत येऊ लागला. काचा बंद. लांबीच्या तेलाने आणि टर्पेंटाइनने त्याचे नाक कधीचेच बोथट झालेले. त्याचे डोके दुखू लागले. मळमळू लागले. हिरवा दिवा लागला तरी तो तसाच बसून राही आणि मागे हॉर्नांचा कल्लोळ होई. एकदा तर रोजच्या वळणावर तो थांबला, आणि कुठे निघालो होतो हेच त्याला आठवेना.

"आईची आठवण येते म्हणून होतंय, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. कुलूपवालाही तेच म्हणाला. सगळे तेच म्हणत होते. मुलीने ठरवले, की बाबांनी दुकान बंद करून तिच्याकडे राहायला यावे आणि मला भंगारात द्यावे. काचवाला हो म्हणाला. त्या रात्री माझे दार लावताना त्याने माझ्या टपावर हात ठेवला. "मलाच माझी खात्री वाटत नाही गं," तो म्हणाला. मला बोलता आले असते तर!

शेवटचा आरसा पोचवायचा होता, एका शिंपिणीच्या दुकानात. सामान बांधायला काचवाल्याची थोरली बहीण आली होती, ती सोबत निघाली.

"ताई, त्या सीटवर..." तो अडखळला.

"मग काय टपावर बसू?" म्हणत ताई बसली.

"खिडकी तेवढी उघडू नकोस."

"बरं बाबा."

अर्ध्या वाटेवर ताईने कपाळ धरले. "थांबव रे. डोकं फुटतंय माझं."

ती खाली उतरून झाडाखाली उभी राहिली. थोड्या वेळाने तिला बरे वाटले. काचवाला जवळ जाऊन हळूच म्हणाला, "तिची आठवण आली ना?"

"आठवण रोजच येते. डोकं कधी दुखलं नाही. आणि दुःखाचा असा वास येतो होय? हुंग ही शाल!" ताई तरातरा माझ्याकडे आली आणि तिने चटई उचलली. "अरे देवा! इथून रस्ता दिसतोय!"

सगळ्या काचा खाली करून, हळूहळू त्यांनी मला कोपऱ्यावरच्या सायलेन्सरवाल्याकडे नेले. त्याने मला वर उचलले, शेपटीच्या पाइपात ओले फडके दाबून धरले आणि इंजिन चालू करायला सांगितले. धूर मागून निघेना, तेव्हा मधूनच फुसफुसू लागला. त्याने तिथे पान्याने खरवडले, तर कडेला चिकटून राहिलेल्या काळ्या पापड्या खाली पडल्या.

"हे काय?"

"लांबी," काचवाला पुटपुटला.

"अहो काचवाले, ही काय खिडकी आहे?"

ताई हसत हसत बाजूला पडलेल्या एका टायरावरच बसली. सायलेन्सरवाला मात्र लगेच गंभीर झाला. "या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, झोप येते, आणि एखादा माणूस उठतच नाही. खिडकी उघडी असायची ना?"

"ती गेल्यापासून नाही."

काचवाल्याने विचारले, "म्हणजे माझं डोकं फिरलेलं नाही?"

"डोकं शाबूत दिसतंय. डॉक्टरला एकदा दाखवून घ्या. पण फुटलाय तो पाइप."

काचवाला भिंतीला टेकला. त्याचे खांदे खाली आले. असे सैल पडलेले खांदे मी कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

"पत्रा मारायचा तर ही सीट काढावी लागेल," सायलेन्सरवाला म्हणाला. "वेल्डिंगची ठिणगी उडाली तर पेटेल."

"सीट नको. बाकी काय हवं ते करा."

"बाकी काही करून उपयोग नाही."

काचवाल्याने त्या सीटवरून एकदा फडके फिरवले. मग त्याने पान्यासाठी हात पुढे केला. "मी काढतो."

गंजलेले बोल्ट हटेनात. तेल सोडून वाट पाहावी लागली. शेवटी सायलेन्सरवाल्यानेही जोर लावला, तेव्हा कर्रकन आवाज करून एकेक सुटला. काचवाल्याने सीट दोन्ही हातांनी उचलली आणि काच नेतात तशी, उभी धरून बाहेर नेली. मागे गोणपाट लावून भिंतीशी टेकवली. खाली तिच्या केसांतल्या पिना सापडल्या. त्या त्याने खिशात ठेवल्या.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. जुने बोल्ट ज्योतीने लालभडक केले, सडलेला पाइप कापला, नवा बसवला, खाली जाड पत्रा जोडला. पुन्हा फडक्याची परीक्षा झाली. या वेळी धुराला कुठूनच वाट मिळेना. माझा दम कोंडला आणि मी बंद पडले.

"बंद पडली!" काचवाला घाबरला.

"पडायलाच हवी," सायलेन्सरवाला खूश होऊन म्हणाला. "म्हणजे कुठे गळत नाही."

सीट काचवाल्यानेच परत बसवली. तेवढ्यात मुलीचा फोन आला, भंगारवाल्याला किती वाजता बोलावू म्हणून. ताईने फोन हिसकावून घेतला. "बोलाव की. एक पाइप द्यायचाय त्याला. गाडी आणि तुझा बाप दोघंही कामात आहेत!"

आरसा शाबूत पोचला. ताईला घरी सोडून काचवाला एकटाच परत निघाला, तेव्हा त्याने वाकून शेजारची खिडकी खाली केली आणि फटीत आपली चार बोटे आडवी धरून पाहिली. त्याची बोटे तिच्यापेक्षा जाड. म्हणून काच पुन्हा थोडी वर केली. वारा आत आला. उशीवरचा वास थोडा हलला असेल, थोडा गेलाही असेल. त्याने काच वर केली नाही. चौकात मागून कोणीतरी हॉर्न दिला. माझी बोंब आता थांबली होती, खिडकी उघडी होती, आणि काचवाल्याला तो ऐकू आला. त्याचा हात आपल्या गुडघ्यावर गेला. मग त्याने मला बाजूला घेतले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल, तर कधीतरी तिच्याखाली वाकून बघा आणि तिची चटई उचलून बघा. तिला लांबी लावू नका, कारागिराकडे न्या. घरात कोणी आपल्या माणसावाचून गप्प झाले असेल आणि डोके दुखते म्हणत असेल, तर दुःखाचेच असेल असे म्हणून सोडून देऊ नका. एकदा त्याच्या शेजारी येऊन बसा. ताई बसली, म्हणून काचवाला वाचला. आणि मीही.