हृदयाच्या वेशीवरची जागा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. पण हे वाचताना तुमच्या अंगात माझी अगणित भावंडं राबत आहेत. मी एक रेणू. पेशीच्या घरात असतो तेव्हा माझ्या गळ्यात फॉस्फेटचे तीन मणी असतात आणि मला एटीपी म्हणतात. माझा एक मणी तुटला की पेशीला बळ मिळतं. हृदयाचा ठोकासुद्धा त्याच बळावर पडतो. मणी तुटतात, पुन्हा ओवले जातात, आणि आमचं दळणकांडण चालूच राहतं.

पण पेशी दमली, दुखावली, की ती मला उंबऱ्याबाहेर धाडते. घरात मी शिदोरी, बाहेर मी सांगावा. दाराशीच बसलेल्या विकरांच्या कात्र्या माझे मणी उतरवतात. मग मी मोकळ्या गळ्याचा ॲडेनोसिन होतो, शेजारच्या पेशीवर माझ्यासाठी राखलेल्या जागेवर बसतो आणि म्हणतो, "दमानं घे, बाई." बाहेर मी टिकतो ते जेमतेम चार-दोन श्वास.

माझं घर होतं सिंधुबाईच्या हृदयात. कंधारकडची ही बाई, नवरा नरसिंग याच्यासोबत, लेकीच्या लग्नाच्या पत्रिका द्यायला नांदेडला आली होती. आमच्याकडे पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला चहाशिवाय उठू देत नाहीत. नको म्हटलं की लगेच ऐकावं लागतं, "का वो वैनी, आमचं घर चालत न्हाई का?" म्हणून सिंधुबाई घरोघरी एकच म्हणायची, "अर्धाच द्या."

दुपारी एका जिन्यावर तिचं हृदय उधळलं. पूर्वीही असं व्हायचं, पण बसलं की थांबायचं. आज थांबेना. हृदयाच्या वरच्या खणातून खाली जाणारा विजेचा इशारा मधल्या वेशीतून गोल गोल फिरत राहिला. आम्ही थकलो. माझ्या पेशीनं मला बाहेर लोटलं. मणी उतरवून वेशीवर गेलो, तर माझ्या जागेवर चहातलं कॅफीन बसलेलं! दिसायला माझ्या चुलतभावासारखं, पण मुखदुर्बळ. जागा अडवतं, बोलत काहीच नाही. मी हिरमुसून पेशीच्या घरात परतलो.

नरसिंगनं ऑटो करून तिला दवाखान्यात आणलं. डॉक्टर पंचशीला वयानं लहान, पण बोलणं मायेचं.

"मावशी, सकाळपासून चहा-कॉफी काही घेतलं?"

"न्हाई, बाई."

डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं. त्यात माझीच मोकळ्या गळ्याची भावंडं होती, कारखान्यात घडलेली. तीही वेशीपर्यंत आली. बहुतेक जागा अडलेल्या पाहून विरून गेली. हृदय धावतच राहिलं. रक्तदाब उतरायला लागला.

"आता नाही थांबलं तर शॉक द्यावा लागेल," पंचशीला म्हणाली.

नरसिंगनं डोक्यावरची टोपी हातात घेतली. "बाई, लेकीचं लगीन हाय वो. हिला उभी ऱ्हाऊ द्या."

"काका, तुम्ही सांगा. चहा?"

"चहा? सकाळधरनं पेऊनच राहिली की! दारोदार!"

"त्यो मानाचा होता," सिंधुबाई धापा टाकत म्हणाली. "अर्धा-अर्धा. त्याला कुनी चहा म्हनतंय का?"

इतक्या घाईतही पंचशीला हसली. "मावशी, मान घरच्यांना कळतो. हृदयाला नुसता चहा कळतो."

तिनं औषध वाढवून घेतलं. "छातीत क्षणभर धस्स होईल. भ्यायचं नाही. माझा हात धरा."

भावंडांचा लोंढा आला. त्याच वेळी माझ्या पेशीनंही मला पुन्हा बाहेर लोटलं. या खेपेला आम्ही इतके होतो, की कॅफीनला बाजूला सरावं लागलं. मला जागा मिळाली. मी बसलो आणि म्हणालो, "दमानं."

वेस मिटली. हृदय थांबलं.

"अगं माय! मेले!" सिंधुबाईची बोटं डॉक्टरबाईंच्या मनगटात रुतली.

आणि मग, वाट हरवलेलं वासरू हाक ऐकून वळावं तसं हृदय वळलं. एक ठोका. थोड्या अवकाशानं दुसरा. सावकाश, सारखा, ओळीनं.

जवळून जाणाऱ्या एका तांबड्या पेशीनं मला आत घेतलं. तिथं माझे मणी पुन्हा ओवले गेले. आता मी तिच्यासोबत गावभर हिंडावं तसा सिंधुबाईच्या अंगभर हिंडतो.

"हे कायमचं बरं करणारा उपचार आहे, मावशी," पंचशीला म्हणाली. "लग्न झालं की त्या उपचाराला या."

"ऱ्हायलेली घरं?" सिंधुबाई उठायला लागली.

"मी जातो की."

"तुमाला कुनी बसा तरी म्हनंल का?"

"न्हाई म्हनलं तर बरंच, लवकर येतो," नरसिंग म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

मित्रांनो, तुमचं अंग तुमच्याशी बोलत असतं. थकवा, झोप, दुखणं यांच्यामागे आमच्यासारखे सांगावे असतात. त्यांना बसायला जागा ठेवा. आणि डॉक्टरांनी विचारलं, तर घोटभर घेतलेलंही लपवू नका.

लग्नघर उघडं टाकून आलेली सिंधुबाई कितीतरी दिवसांत पहिल्यांदा भरदुपारी आडवी झाली. कुणी तिला उठवलं नाही.