विमानाच्या जातीचं अ‍ॅल्युमिनियम

पांढऱ्या भुकटीवर उमटलेली लाल रेघ चार मिलिमीटर लांब होती, केसाहून बारीक. सोमवारी, वाळूच्या गोण्या टांगायच्या आधी, ती तीनच मिलिमीटर होती.

तिने भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. जोडातली ही चीर फटीत मुरणाऱ्या तपासणीच्या लाल रंगानेच दाखवली. नुसत्या डोळ्यांना तिथे दादाचं सुबक वेल्डिंग तेवढं दिसायचं.

इमारती रंगवणाऱ्यांसाठी हा लोंबता पाळणा दादाने आपल्या हाताने केला होता. धातू निवडतानाही कुणाचं ऐकलं नव्हतं. "खिडक्यांच्या चौकटीचा मऊ माल नको मला. विमानाला लागतो तोच आणणार." जस्त मिसळलेली ती जात पोलादाच्या तोडीची, हे खरंच. पण ती नटबोल्टने जोडायची. वितळवून जोडली की थिजताना तडकते. मॅग्नेशियम-सिलिकॉनची साधी जात वेल्डिंग निमूट सोसते. तिने हे तेव्हा सांगितलं होतं, एकदाच, हळू आवाजात. मागच्या वर्षी त्याचा एक जोड नापास केला, तर सख्खा भाऊ सहा महिने तिच्याशी बोलला नव्हता.

आज गुरुवार. तपासणीचा कागद अजून सहीवाचून पडला होता. ती उठून खिडकीशी गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली.

"काय गं, पेनातली शाई आटली का?" दादा दारातून म्हणाला.

मागोमाग रंगारी आला, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. दुपारी आठव्या मजल्यावर तोच लोंबणार होता. "छकुले, आटप लवकर. वरून हात हलवीन तुला."

"दोनशे किलो वाळू टांगली, हूं की चूं नाही," दादा म्हणाला. "हा तर जेमतेम सत्तर."

"पंचाहत्तर! तुझी वहिनी आग्रह करकरून वाढते."

दोघे हसले. तिला हसू येईना. वाळू एका जागी पडून राहते. हा मात्र ब्रश घेऊन डावीकडे वाकेल, उजवीकडे वाकेल, दिवसभर, आणि दर वाकण्यासरशी चीर थोडी पुढे जाईल. किती पुढे, हे तिला सांगता येत नव्हतं. तेच तर तिला बसू देत नव्हतं.

रंगारी कमरेचा पट्टा आवळू लागला. दादाने कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने पेनाला टोपण लावलं.

"दादा, पाळणा वर जाणार नाही. मी नापास करतेय."